ऑटिझम, रक्तातले मार्कर आणि लक्षणांची तीव्रता: थिसिससाठी नक्की काय मोजावं?

निवासी_बालरोग (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एम.डी. बालरोगच्या थिसिसचा आराखडा लवकरच एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा आहे. विषय: ३ ते १० वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या रक्तातले काही घटक आणि लक्षणांची तीव्रता यांचा परस्परसंबंध.

सध्या कागदावर आहे ते असं: ४० ऑटिस्टिक मुलं, ४० निरोगी मुलं. सिरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींच्या वाढीला लागणारं प्रथिन), सेरोटोनिन (पेशींमधला संदेशवाहक रेणू), आयएल-६ (सूज दाखवणारं सायटोकाइन प्रथिन), ग्लुटाथायोन (पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारा रेणू), व्हिटॅमिन डी आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन). तीव्रतेसाठी कार्स-२ (ऑटिझमच्या लक्षणांना गुण देणारी मापनपट्टी). बहुतेक मुलं सुदामा नगरच्या बाजूच्या थेरपी सेंटरवर येतात, तिथेच रक्त घ्यायचा विचार आहे. लॅब गाडीने अर्धा-पाऊण तासावर. विभागात उणे २० चा फ्रीझर आहे, उणे ८० चा दुसऱ्या विभागाला विनंती करून मिळेल.

यातलं काय ठेवावं, काय काढावं? आणि सॅम्पल कुठे बिघडतात ते आधीच कळलं तर फार बरं होईल.

आकडेशास्त्र_शिकवतो

सर्वात आधी ती ४० निरोगी मुलं काढा.

तुमचा प्रश्न तीव्रतेचा आहे. ऑटिझम असलेल्या मुलात हा घटक जास्त आणि नसलेल्यात कमी, हा वेगळा प्रश्न झाला आणि त्यावर ढिगाने पेपर आहेत. तीव्रतेशी संबंध शोधायचा तर निरोगी मुलाला कार्सवर कुठला गुण देणार? ती ४० मुलं परस्परसंबंधाच्या गणितात येतच नाहीत, पण किटचा अर्धा खर्च खातात. शिवाय निरोगी लेकराला निव्वळ तुलनेसाठी सुई टोचायला कमिटी कारण विचारेल आणि ते योग्यच आहे.

आता आकडा. सहसंबंध ०.३ च्या आसपास असेल (रक्त आणि वागणूक यांच्यात याहून मोठा सहसा निघत नाही) तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) साधारण ८५ मुलं लागतात. ०.४ धरला तर ४७. नुसत्या ४० मुलांवर तुम्हाला ०.३२ मिळाला, तरी त्याचा ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) ०.०१ ते ०.५७ येतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही इथपासून भक्कम संबंध इथपर्यंत काहीही असू शकतं. अशा निकालावर चर्चा-विभागात चार पानं लिहिली जातात, ते पाहून वाईट वाटतं.

माझी सूचना: ७६ ऑटिस्टिक मुलं. हा आकडा हवेतला नाही. एलायझाच्या (रक्तातलं प्रथिन मोजायची चाचणी) प्लेटमध्ये ९६ खाचा. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक, दोन-दोनदा म्हणजे १६. दोन पातळ्यांचे कंट्रोल दोन-दोनदा म्हणजे ४. उरल्या ७६ खाचा, म्हणजे दोन-दोनदा ३८ मुलं. दोन प्लेटमध्ये बरोबर ७६ मुलं बसतात आणि ०.३२ एवढा सहसंबंध ८० टक्के पॉवरने पकडता येतो. ८० मुलं घेतलीत तर शेवटच्या चार मुलांसाठी तिसरी प्लेट उघडावी लागेल.

दुसरं, सहा घटक आणि त्यांच्यासमोर तीव्रतेचे सात गुण (समजा, एकूण गुण अधिक सहा उपविभाग) ठेवले की ४२ चाचण्या झाल्या. काहीही संबंध नसताना ०.०५ च्या कसोटीवर त्यातल्या सरासरी दोन 'लक्षणीय' निघतात. म्हणून मुख्य जोडी एकच ठरवा, ती प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका आणि सीटीआरआयवर (वैद्यकीय अभ्यासांची भारतीय नोंदवही) नोंदवा. बाकीचं सगळं शोधात्मक म्हणून वेगळं दाखवा. सगळ्या ४२ वर दावा करायचा असेल तर बॉनफेरोनीने (०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागून) सीमा ०.००१२ वर येते.

बीडीएनएफ आणि आयएल-६ चे आकडे एका बाजूला झुकलेले असतात. लॉग घ्या किंवा स्पिअरमन (आकड्यांऐवजी क्रमांवर काढलेला सहसंबंध) वापरा. आयएल-६ बऱ्याच मुलांत किटच्या सीमेखाली येईल. तिथे शून्य भरू नका, ती रांगही उडवू नका, 'सीमेखाली' असा वेगळा कोड द्या. ७६ मुलांवर रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासणारं गणित) पाच-सहाच्या वर घटक कोंबू नका. वय, लिंग, वजन-उंचीचं प्रमाण, औषध आणि ऋतू एवढ्यातच जागा भरते.

त्यात औषधावर नीट थांबा. रिस्पेरिडोन (चिडचिड आणि आक्रमकपणा कमी करणारं औषध) कुणाला मिळतं? ज्याची चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं जास्त आहे त्याला. हेच औषध वजन वाढवतं, प्रोलॅक्टिन वाढवतं, इन्सुलिन आणि लेप्टिनही (चरबीतून येणारं, भुकेशी संबंधित संप्रेरक) हलवतं. मग 'तीव्र ऑटिझममध्ये लेप्टिन जास्त' असा सुंदर आलेख निघतो आणि तो खरं तर प्रिस्क्रिप्शनचा आलेख असतो. एक तर औषध न घेणारी मुलंच घ्या, नाही तर औषध, डोस आणि कालावधी फॉर्मवर पहिल्याच पानावर लिहा.

सिरम_प्लाझ्मा (बायोकेमिस्ट)

वरच्या ७६ च्या गणिताला माझा पूर्ण पाठिंबा. आता नळीकडे येऊ, कारण बहुतेक प्रबंध मशीनवर बिघडत नाहीत, मशीनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेले असतात.

सेरोटोनिन: १९६१ साली शेन आणि फ्रीडमन यांनी काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात ते वाढलेलं दाखवलं. या क्षेत्रातला हा सर्वात जुना आणि पुन्हा पुन्हा खरा ठरलेला निष्कर्ष आहे. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा मुलांत वाढ दिसते. पण हे सेरोटोनिन बहुतेक आतड्यात बनतं, प्लेटलेट ते उचलून साठवतात आणि रक्त-मेंदू अडथळा ते ओलांडत नाही. त्यामुळे तीव्रतेशी त्याचा संबंध आजवर स्थिरपणे लागलेला नाही. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये असतं, म्हणून सिरमचा आकडा रक्त किती वेळ गोठलं त्यावर हलतो आणि प्लाझ्मात (न गोठवलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव) चार प्लेटलेट राहिल्या तरी आकडा कितीतरी वर जातो. मोजायचंच तर ईडीटीएतलं (रक्त गोठू न देणारं रसायन) पूर्ण रक्त, एचपीएलसीवर (रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र), आणि निकाल प्लेटलेटच्या संख्येमागे मांडायचा. मूल फ्लुऑक्सेटिन किंवा सर्ट्रालिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या मानसिक औषधांवर असेल तर प्लेटलेट रिकाम्या झालेल्या असतात, ते मूल या मोजणीत घेता येत नाही. एचपीएलसी हाताशी नसेल तर सेरोटोनिन सोडा.

ग्लुटाथायोन सोडाच. रक्त बाहेर आल्यावर काही मिनिटांत ते ऑक्सिडाइझ व्हायला लागतं. बिछान्याशेजारीच आम्ल किंवा एन-इथाइलमॅलिमाइड घालून लगेच थंड करावं लागतं. सुदामा नगरात रक्त घेऊन पाऊण तासाने लॅबमध्ये 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' मोजलात तर तो गाडीत झालेला स्ट्रेस असेल.

बीडीएनएफ ठेवा, पण शिस्तीत. हेही प्लेटलेटमध्ये साठतं आणि गोठताना बाहेर पडतं, म्हणून सिरममध्ये प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त असतं. प्रत्येक मुलाचं रक्त सारखाच वेळ गोठू द्या. मी ६० मिनिटं म्हणेन, नळी उभी, सावलीत, खोलीच्या तापमानाला. एकाचं २० मिनिटं, दुसऱ्याचं दोन तास असं झालं की मग तुम्ही बीडीएनएफ मोजत नाही, घड्याळ मोजता. तुमचा प्रवास नेमका या ६० मिनिटांत बसतो. रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहा, फॉर्मवर नव्हे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. डबा थंड हवा, पण न गोठलेलं रक्त थेट बर्फाला टेकवायचं नाही, पेशी फुटतात. जेलपॅक टॉवेलमध्ये गुंडाळून तळाशी, मध्ये स्टँड, नळ्या उभ्या. आडव्या नळ्या आणि एबी रोडवरचे धक्के मिळून हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) हमखास.

सेंट्रिफ्यूज (नळी जोरात फिरवून सिरम वेगळं करणारं यंत्र): १५०० जी (गुरुत्वाच्या १५०० पट), १० मिनिटं. प्रोटोकॉलमध्ये नुसतं '३००० आरपीएम' लिहू नका. रोटरची त्रिज्या १५ सेंटीमीटर असेल तर ३००० ला साधारण १५०० जी मिळतात. १० सेंटीमीटरच्या छोट्या टेबल-मशीनवर त्याच ३००० ला जेमतेम १०००. सिरम काढताना गोळ्याला पिपेट लागली तर ती नळी पुन्हा फिरवा. २५० मायक्रोलिटरच्या चार कुप्या करा आणि थेट उणे ८० ला टाका. घरगुती धाटणीचा 'फ्रॉस्ट फ्री' उणे २० चा फ्रीझर स्वतःला मधूनमधून गरम करून बर्फ वितळवतो. त्यात महिनोन्‌महिने सायटोकाइन ठेवू नयेत. एक कुपी एकदाच वितळवायची. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेले नंबर उणे ८० ला गळून पडतात, क्रायो-लेबलच घ्या.

सगळी सॅम्पलं जमल्यावर एकाच लॉटच्या किटवर दोन दिवसांत उरका. प्लेटवर सौम्य आणि तीव्र मुलं मिसळून ठेवा. पहिली प्लेट सौम्य, दुसरी तीव्र असं झालं तर प्लेटमधला फरकच निष्कर्ष बनेल. प्लेट लावणाऱ्याला कार्सचे गुण माहीत नसावेत. बीडीएनएफचं सिरम किटनुसार वीसपट वगैरे पातळ करावं लागतं, आधी चार-पाच सॅम्पलांवर चाचणी घेऊन प्रमाण ठरवा. नाही तर निम्मे आकडे स्टँडर्डच्या वर जाऊन वाया जातात.

आयएल-६ हवंच असेल तर उच्च संवेदनशीलतेचं किट घ्या आणि सोबत सीआरपी (सूज किंवा संसर्ग दाखवणारी तपासणी) करा. सर्दी-ताप किंवा लस होऊन दोन आठवडे झाले नसतील तर रक्त पुढे ढकला. फेरिटिनलाही तोच सीआरपी कामी येतो. पाच वर्षांखालच्या मुलात १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. पण सूज किंवा संसर्ग असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ती रेषा ३० वर जाते. पाचच्या पुढे याच रेषा १५ आणि ७०.

व्हिटॅमिन डी सॅम्पल म्हणून मजबूत आहे, सहज बिघडत नाही. पण सावन-भादोत घेतलेलं रक्त आणि एप्रिलमधलं रक्त एकाच रांगेत ठेवताना महिना लिहा.

बालमानसतज्ज्ञ_आरबी

सगळे रक्तावर बोलताहेत, पण आलेखाचा दुसरा अक्ष कार्स-२ आहे आणि तोही तितकाच डळमळीत आहे.

कार्सचे १५ मुद्दे, प्रत्येकी १ ते ४, एकूण १५ ते ६०. ३० ते ३६.५ सौम्य-मध्यम, ३७ पासून तीव्र. यातला चौदावा मुद्दा थेट बौद्धिक प्रतिसादाचा आहे, अकरावा बोलण्याचा. म्हणजे ज्या मुलाची बुद्धी किंवा भाषा मागे आहे त्याचे गुण आपोआप चढतात. तुम्हाला बीडीएनएफचा संबंध सापडला, तर तो ऑटिझमशी की बौद्धिक विकासाशी? हे सोडवायला बुद्ध्यंक किंवा किमान व्हाइनलँडच्या (रोजच्या व्यवहारातली प्रगती मोजणारी चाचणी) नागपूरला झालेल्या रूपांतरावरून सामाजिक वय सोबत घ्याच.

आपल्या मुलांसाठी इसा (ऑटिझम मोजायची भारतीय मापनपट्टी) जरूर करा. ४० मुद्दे, १ ते ५, एकूण ४० ते २००. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हीच मोजणी चालते, त्यामुळे पुष्कळ मुलांची आधीच झालेली असते. पण ती जुनी मोजणी उचलू नका. रक्त आणि मोजणी यांच्यात फार तर दोन आठवडे असावेत. वर्षभर थेरपी झालेल्या मुलाचे प्रमाणपत्रावरचे गुण आज त्याचे नसतात. तज्ज्ञ आणि साधन उपलब्ध असेल तर एडॉस-२ चा (मुलाशी खेळत-बोलत निरीक्षण करायची ऑटिझमची चाचणी) १ ते १० चा तुलनात्मक गुण सर्वात चांगला, कारण त्यात वय आणि भाषेची पातळी आधीच जुळवून घेतलेली असते.

एक गोष्ट इंदूरची. रामबाग, नारायण बाग इकडच्या घरांत मराठी, पण गल्लीत, शाळेत आणि मोबाइलवर हिंदी. मूल कार्टूनमधली हिंदी वाक्यं जशीच्या तशी म्हणत असतं आणि मराठीत पाणीसुद्धा मागत नाही. मुलाखत फक्त हिंदीत घेतलीत तर आई 'बोलतो हो' म्हणते आणि गुण कमी पडतात, म्हणजे लक्षणं खऱ्यापेक्षा सौम्य दिसतात. विचारा: 'स्वतःच्या मनाने काय मागतो, कुठल्या शब्दांत?' दिवसभर आजी सांभाळत असेल तर आजीलाही बसवा. दोन परीक्षकांनी निदान १५-२० मुलं स्वतंत्रपणे मोजून दोघांचे गुण किती जुळतात ते आधी दाखवा.

आणि मुलं फक्त थेरपी सेंटरवरून घेतलीत तर बहुतेक ३५ ते ४५ च्या पट्ट्यात सापडतील. सगळे गुण एकाच ठिकाणी दाटले की सहसंबंध दिसेनासा होतो. साध्या शाळेत जाणारी, सौम्य लक्षणांची मुलं मुद्दाम शोधावी लागतील.

पालक_सुदामानगर

मध्येच विचारतो, क्षमस्व. मुलगी चार वर्षांची, निदान झालंय. एका ठिकाणी 'ऑटिझम प्रोफाइल' म्हणून रक्त, लघवी आणि केसांची मिळून मोठी तपासणी सुचवली आहे, किंमत बरीच आहे. त्यातून तीव्रता आणि उपचार कळतील म्हणतात. करावी का?

विकास_बालरोग

दादा, क्षमा कसली. हा प्रश्न थिसिसपेक्षा महत्त्वाचा आहे. तीव्रता सांगणारी रक्ताची कुठलीही तपासणी आज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ऑटिझमचा पहिला बायोमार्कर आपल्या पडताळणी कार्यक्रमात घेतला, तोही रक्तातला नव्हता. चेहरा पाहताना मेंदूच्या आलेखात उठणारी लहर होती. तीसुद्धा संशोधनात मुलांचे गट पाडण्यासाठी, एखाद्या मुलाचा रिपोर्ट काढण्यासाठी नाही.

केसांतले धातू आणि औषध देऊन मग काढलेली लघवी या दोन्हींवर पैसे घालवू नका. धातू ओढणारं औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढतात, आणि रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा मात्र औषध न दिलेल्या माणसांची छापलेली असते. म्हणून प्रत्येक मूल लाल रेषेत दिसतं. त्यावरून कुणी किलेशन (औषधाने शरीरातले धातू ओढून काढायचा उपचार) सुचवलं तर कृपा करून उठून या. २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेलं पाच वर्षांचं मूल याच उपचारात कॅल्शियम एकदम घसरून दगावलं.

उपयोगाच्या तपासण्या थोड्या आहेत आणि त्या तिच्या तब्येतीसाठी आहेत. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन: दूध, बिस्किटं आणि शेव-परमल एवढ्यावरच राहणाऱ्या मुलात लोह खूपदा कमी निघतं. झोप अस्वस्थ असेल, रात्रभर पाय हलत असतील तर फेरिटिन ५० च्या खाली असतानाही लोह देण्याचा विचार करतात. मात्र डोस डॉक्टरच वजनावरून ठरवतील आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतील. लोहाची बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, जास्त प्रमाणात ते विष आहे. व्हिटॅमिन डी आणि बी-१२ आहार पाहून. माती, भिंतीचे पोपडे किंवा रंग खात असेल तर रक्तातलं शिसं: ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्यावर असेल तर घरातला स्रोत शोधायचा. जुना रंग, सुरमा, सिंदूर, भस्म-चूर्ण हे आधी पाहा. बोटाच्या थेंबावर जास्त आलं तर शिरेतल्या रक्ताने खात्री करतात, कारण बोटावरच्या धुळीतलं शिसंही आकडा चढवतं.

जनुकीय तपासणीत क्रोमोसोमल मायक्रोअरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका जनुकातला दोष शोधणारी) या दोन पहिल्या. त्याही तीव्रता सांगत नाहीत. कारण सापडलं तर पुढच्या बाळंतपणाचा सल्ला आणि सोबतचे आजार शोधायला उपयोग होतो. आणि ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर या सगळ्याच्या आधी ती.

निवासी_बालरोग

सगळ्यांचे मनापासून आभार. निरोगी गट काढतोय. सेरोटोनिन, ग्लुटाथायोनही काढतो. मुख्य जोडी बीडीएनएफ आणि इसाचे एकूण गुण; फेरिटिन, व्हिटॅमिन डी, सीआरपी सोबत. आयएल-६ शोधात्मक. आता प्रत्यक्ष रक्त घेण्याबद्दल: पाच मिली पुरेल का, आणि मूल हात लावू देत नसेल तर?

फ्लेबो_ताई

पाच पुरतात: तीन मिली लाल झाकणात, दोन जांभळ्यात. १४ किलोच्या मुलात रक्त साधारण ११२० मिली असतं, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत. लाल आधी, जांभळी नंतर. जांभळ्यातलं ईडीटीए लाल नळीत गेलं तर कॅल्शियम पडतं आणि पोटॅशियम उगाच चढतं. लाल नळी कमी भरली म्हणून जांभळ्यातलं रक्त त्यात ओतायचं नाही, हे नव्या मुलामुलींना पुन्हा पुन्हा सांगा.

तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते. खोलीचा, खुर्चीचा, पट्ट्याचा, नळीचा आणि 'झालं, घरी' असा पाच फोटोंचा क्रम आईच्या मोबाइलवर पाठवा, रोज दाखवू दे. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम दोन्ही कोपरांच्या खाचेत, वर पारदर्शक पट्टी, ६० मिनिटं. पट्टी काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मलमाने आकसलेली शीर तेवढ्यात वर येते. पट्टी ओढून काढणंच काही मुलांना सुईपेक्षा जास्त बोचतं. कडा तेलाने सैल करा, मग ती जागा स्पिरिटने पूर्ण पुसा आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर झोंबतं आणि रक्तही फुटतं.

२३ नंबरची बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई) घ्या. मूल आईच्या मांडीवर, पंखा-ट्यूबलाइटचा आवाज कमी, खोलीत तीनच माणसं, बोलणारं एकच. 'काही होणार नाही' म्हणू नका. 'टोचेल, पाच मोजेपर्यंत' म्हणा आणि पाचलाच संपवा. जोरात रडून-झटापटीनंतर घेतलेल्या रक्तात लॅक्टेट, ग्लुकोज, कॉर्टिसॉल चढलेले असतात, तशी खूण फॉर्मवर करा. दोनदा टोचून मिळालं नाही तर त्या दिवशी बंद. चौघांनी दाबून धरून घेतलेलं सॅम्पल संशोधनासाठी घेऊच नये.

विकास_बालरोग

ताईंच्या शेवटच्या वाक्याला नियमाचाही आधार आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तुमच्या वयोगटातल्या सात वर्षं आणि त्यावरच्या मुलाची तोंडी संमती हवी. जे मूल बोलत नाही ते हात मागे ओढून, तोंड फिरवून सांगतं, तोही नकारच. संमतीपत्र हिंदी आणि मराठी दोन्हींत करा. त्यात स्पष्ट लिहा की फेरिटिन, व्हिटॅमिन डी कमी निघालं तर पालकांना कळवून उपचार होईल, पण बीडीएनएफचा आकडा दिला जाणार नाही, कारण एकट्या मुलाच्या बाबतीत त्याला अर्थ नाही. नाही तर पालक तो कागद घेऊन दहा डॉक्टरांकडे फिरतील.

सिरम_प्लाझ्मा (बायोकेमिस्ट)

एक राहिलंच. बायोटिन (एक ब जीवनसत्त्व). ऑटिझमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरी आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते मोठ्या प्रमाणात असतं. स्ट्रेप्टाविडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) आणि बायोटिन यांच्या जोडीवर चालणाऱ्या मशीनवर त्याने फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी येतं, व्हिटॅमिन डी खोटं जास्त येतं. म्हणजे तुमच्या दोन मोजण्या उलट दिशांना सरकतील, तेही नेमकी ज्यांचे पालक जास्त धडपडतात त्या मुलांत. आदल्या भेटीत पालकांना सगळे डबे-बाटल्या सोबत आणायला सांगा, लेबलचे फोटो काढून ठेवा, आणि डॉक्टरांना विचारून बायोटिन असलेलं पूरक निदान ७२ तास बंद ठेवा; डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त. लॅबला फोन करून त्यांचं मशीन या तत्त्वावर चालतं का तेही विचारून घ्या. आणि बीडीएनएफच्या किटचं माहितीपत्रक उघडून बघा, पुष्कळ एलायझा किटही याच जोडीवर बेतलेली असतात.